विश्लेषण : केमोनंतरचा ताप साधा का नसतो? कर्करुग्णांच्या तातडीच्या अवस्थांसाठी जिल्हे किती सज्ज?

कर्करोगाचे उपचार आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्यातील २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उभारायची होती. म्हणजे सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, केमोचे सलाईन घ्यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र केमोचा सर्वांत धोक्याचा काळ सलाईन सुरू असतानाचा नसतो. तो आठवडाभराने येतो, रुग्ण घरी असताना येतो आणि अनेकदा मध्यरात्री येतो. त्या वेळी रुग्णाने कोणाला फोन करायचा, कुठे जायचे आणि तिथल्या ड्युटी डॉक्टरने पहिल्या तासात काय करायचे, याची व्यवस्था लावल्याशिवाय जिल्ह्यात केमो नेणे हे अर्धेच काम ठरेल.

तातडीची अवस्था कशाला म्हणायचे?

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४.१ लाख नवे कर्करुग्ण आढळतात आणि सुमारे ९.२ लाख मृत्यू होतात. हे सगळे मृत्यू गाठ वाढत गेल्यामुळेच होतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात काही रुग्ण अशा कारणाने दगावतात किंवा कायमचे अपंग होतात, जे काही तासांत ओळखले असते तर टळले असते.

अशा अवस्थांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट उपचारांमुळे उद्भवणारा. केमोने पांढऱ्या पेशी घटून होणारा जंतुसंसर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा गट गाठीच्या दाबामुळे होणारा, म्हणजे मज्जारज्जू, श्वासनलिका, मोठी रक्तवाहिनी किंवा आतडे दाबले जाणे. तिसरा गट रक्तातील रसायनांच्या बिघाडाचा. त्यात कॅल्शियम वाढते, पोटॅशियम वाढते, मूत्रपिंडे काम थांबवतात. तिन्ही गटांत एक गोष्ट समान आहे. सुरुवातीची लक्षणे अगदी घरगुती वाटतात : ताप, पाठदुखी, बद्धकोष्ठता, गुंगी. म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात.

केमोनंतरचा ताप वेगळा का?

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कर्करोगाच्या पेशी असतात, तशाच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशीही असतात. जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. बहुतेक केमोंमध्ये त्यांची संख्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत खाली जाते आणि मग हळूहळू सावरते. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड हजारांहून अधिक न्यूट्रोफिल असतात. हा आकडा ५००च्या खाली गेला की शरीर जवळजवळ निःशस्त्र होते.

अशा वेळी जंतू बाहेरूनच यायला हवेत असे नाही. केमोने तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर सोललेले असते. तेथून रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातील जंतू रक्तात उतरतात. एरवी संसर्ग झाला की पू होतो, जागा लाल होते, छातीच्या एक्स-रेत डाग दिसतो. पण पू हा मुख्यतः पांढऱ्या पेशींचाच बनलेला असतो. पेशीच नसतील तर पू कशाचा होणार? त्यामुळे ताप हे एकमेव लक्षण उरते. तपासणीत ‘काहीच सापडत नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे इथे जिवावर बेतू शकते. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला ‘फेब्राइल न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

ताप किती असला की धावपळ करायची? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एकदाच १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर टिकून राहिलेला १००.४ अंश हा निकष सर्रास वापरला जातो. घरासाठी सोपा नियम असा : केमो सुरू असलेल्या रुग्णाला १००.४ किंवा त्याहून अधिक ताप आला, की थांबायचे नाही. वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत काही वेळा तापही येत नाही. नुसती हुडहुडी, गळून जाणे, बडबड करणे किंवा धाप लागणे हीच खूण असते.

पहिल्या तासात काय व्हायला हवे?

इथे उपचार दुर्मीळ किंवा अतिमहाग नाहीत. सीबीसी आणि रक्ताचे कल्चर पाठवायचे, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन पाहायचा, सलाईन सुरू करायचे आणि शिरेतून ताकदवान प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायचा. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम यांसारखी औषधे त्यासाठी वापरली जातात. रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात हा पहिला डोस जावा, असे अमेरिका आणि युरोपातील मार्गदर्शक सूचना सांगतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि सीबीसीलाही रात्री वेळ लागू शकतो. रिपोर्टची वाट पाहत डोस लांबवू नये, हाच या नियमाचा गाभा.

प्रत्येकाला आठवडाभर दाखल करावे लागते असेही नाही. ‘मॅस्क’ नावाची गुणपद्धती त्यासाठी वापरतात. रुग्णाची लक्षणे, रक्तदाब, वय, इतर आजार यांवरून कमाल २६ गुण दिले जातात. २१ किंवा अधिक गुण मिळालेला रुग्ण कमी जोखमीचा मानला जातो. डॉक्टरांच्या देखरेखीत अशा काहींवर तोंडाने घ्यायच्या औषधांनीही उपचार होऊ शकतात. पण ही निवड पहिला डोस दिल्यानंतर आणि रुग्णाला पाहिल्यानंतर करायची असते. घरबसल्या फोनवर ती करता येत नाही.

मग चूक नेमकी कुठे होते?

पहिली चूक घरात होते. ताप आला की पॅरासिटामॉल द्यायची, हे प्रत्येक घराला पाठ आहे. गोळीने ताप उतरतो, संसर्ग मात्र आत वाढतच राहतो. ताप न मोजता गोळी दिली, तर पुढच्या डॉक्टरला हाती धरायला काही उरत नाही. आधी थर्मामीटर, मग फोन आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तर गोळी, असा क्रम हवा.

दुसरी चूक जवळच्या दवाखान्यात होते. ‘डॉक्टर, एक सुई मारा म्हणजे उतरेल’ ही आपल्याकडची जुनी सवय. तापासाठी कमरेत दिले जाणारे डायक्लोफेनॅकसारखे इंजेक्शन केमोच्या रुग्णाला दुहेरी महागात पडू शकते. ते ताप झाकते, मूत्रपिंडांवर ताण आणते आणि प्लेटलेट कमी असतील तर सुईच्या जागी स्नायूत रक्त साकळते. पेशी कमी असताना गुदमार्गे ताप मोजणे, औषध घालणे किंवा एनिमा देणेही टाळायचे असते. तेथील नाजूक अस्तराला इजा झाली तर जंतूंना थेट वाट मिळते.

तिसरी चूक रुग्णालयाच्या दारात होते. रात्री कॅज्युअल्टीत रुग्ण चालत येतो, बोलतो, रक्तदाबही जेमतेम ठीक असतो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरपुढे अपघात, सर्पदंश, हृदयविकाराचे रुग्ण असतात. तापाचा रुग्ण रांगेत मागे जातो. केमो कोणती, कधी झाली, हे नातेवाइकांना सांगता येत नाही, कारण फाइल घरी किंवा ‘टाटा’त असते. मग ‘तुमचे उपचार जिथे सुरू आहेत तिथे घेऊन जा’ असा सल्ला मिळतो. नांदेड किंवा गडचिरोलीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठायचे म्हणजे एका रात्रीचा प्रवास. एका तासात मिळायला हवे असलेले औषध अशा वेळी बारा तासांनी मिळते.

यात कोणा एकाचा हलगर्जीपणा शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर वागत असतो. रुग्ण आणि औषध यांना जोडणारा दुवाच व्यवस्थेत बसवलेला नाही, हे खरे दुखणे आहे.

पाठदुखी केव्हा गंभीर समजायची?

स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट यांचे कर्करोग आणि मायलोमा मणक्यांत पसरू शकतात. पसरलेली गाठ किंवा खचलेला मणका मज्जारज्जूवर दाब आणतो. बहुतेक रुग्णांत पहिली तक्रार पाठदुखीची असते आणि ती अनेकदा पायांतील ताकद जाण्याच्या काही आठवडे आधीपासून असते. ही पाठदुखी आडवे झाल्यावर थांबण्याऐवजी वाढते, रात्री झोपेतून उठवते. खोकताना, शिंकताना कळ जाते. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. पुढे पाय जड होतात, जिना चढताना गुडघे मुडपतात, बधिरपणा वर सरकतो. लघवी तुंबणे हा उशिराचा टप्पा.

आपल्याकडे पाठदुखीचे निदान शेजारीपाजारीही करतात. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून मालिश, शेक, पट्टा, वजन लावणे सुरू होते. कर्करोगाचा इतिहास असलेल्या रुग्णाच्या मणक्याला मालिश करणे किंवा झटका देऊन ‘नस बसवणे’ घातक ठरू शकते.

या आजारात एक नियम डॉक्टरांना शिकवला जातो. उपचार सुरू होताना रुग्ण चालत असेल, तर तो पुढेही चालत राहण्याची शक्यता मोठी. पाय पूर्ण गेल्यावर आला, तर ते परत मिळण्याची शक्यता फार थोडी. म्हणून संशय आल्यावर पूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांत व्हावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचना सांगतात. त्याआधीच स्टेरॉइड सुरू करून पुढे रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया केली जाते. २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, निवडक रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्या गटातील ८४ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले. केवळ रेडिएशन मिळालेल्या गटात हे प्रमाण ५७ टक्के होते. एमआरआयची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळत असेल, तर या आकड्यांचा रुग्णाला काही उपयोग नाही.

तोंड-घशाच्या कर्करोगात काय सांभाळायचे?

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू आणि सुपारीचा त्यातील वाटा महाराष्ट्राला नवा नाही. त्यामुळे श्वास कोंडणे आणि गळ्यातून रक्तस्राव या अवस्था आपल्याकडच्या प्रत्येक कॅज्युअल्टीला माहीत असायला हव्यात.

श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घोरल्यासारखा आवाज येणे, आडवे झोपता न येणे, लाळही गिळता न येणे म्हणजे श्वासमार्ग अरुंद होत असल्याची खूण. अशा रुग्णाला आडवे करून सीटीस्कॅनला पाठवणे धोक्याचे असते. त्याला बसवून ठेवून आधी श्वासमार्ग सुरक्षित करायचा असतो. अनेकांच्या गळ्याला आधीच छिद्र करून नळी बसवलेली असते. ती कफाने बुजली तर आतील नळी काढून स्वच्छ करायची, हे घरच्यांना शिकवून पाठवायला हवे. स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णाचा नाका-तोंडाशी फुप्फुसांचा संबंधच उरलेला नसतो. त्याला ऑक्सिजनचा मास्क गळ्यावरच्या छिद्रावर लावावा लागतो. ही साधी गोष्ट माहीत नसेल, तर रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असूनही रुग्ण गुदमरेल.

गळ्यातील मोठी धमनी फुटणे ही सर्वांत भीषण अवस्था. मोठ्या रक्तस्रावाआधी काही वेळा थोडेसे लालभडक रक्त येऊन आपोआप थांबते. ही पूर्वसूचना मानून लगेच रुग्णालय गाठायचे असते. बाहेरून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब देत राहणे, एवढेच वाटेत हाती असते.

गुंगी म्हणजे शेवट जवळ आला?

अंथरुणाला खिळलेला रुग्ण दिवसभर झोपून राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी मनाची तयारी करू लागतात. पण यामागे रक्तात वाढलेले कॅल्शियम असू शकते. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ आणि मग गुंगी, अशी ही साखळी. एका रक्तचाचणीत निदान होते. भरपूर सलाईन आणि झोलेड्रोनिक ॲसिडसारख्या औषधाने दोन-चार दिवसांत रुग्ण पुन्हा बोलू लागतो. मूळ आजार त्याने बरा होत नाही. तरी घरच्यांशी शुद्धीत बोलण्याचे काही आठवडे किंवा महिने परत मिळू शकतात. न तपासता ‘आता काही उरले नाही’ म्हणणे म्हणूनच अन्याय आहे.

रक्ताच्या काही कर्करोगांत आणि लिम्फोमात नेमके उलटे घडते. उपचार जोरात लागू पडतात, हीच अडचण होते. असंख्य पेशी एकदम फुटतात. त्यातील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात येते, कॅल्शियम घसरते, लघवी कमी होते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हा ‘ट्युमर लायसिस सिंड्रोम’ उपचारांच्या पहिल्या काही दिवसांत उद्भवतो. आधीपासून सलाईन आणि ॲलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज देऊन तो बहुतांशी टाळता येतो. या दिवसांत ‘ताकद येईल’ म्हणून नारळपाणी आणि फळांचे रस पाजणे प्रेमापोटी होत असले, तरी त्यात पोटॅशियम भरपूर असते. डॉक्टरांना विचारूनच ते द्यावे.

आणखी कोणत्या खुणा?

चेहरा आणि मान सकाळी सुजलेली दिसणे, छातीवर शिरा फुगणे, वाकल्यावर डोके जड होणे म्हणजे छातीतील मोठी शीर दाबली गेल्याची शंका. एकाच पायाला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणे म्हणजे रक्ताची गुठळी. कर्करुग्णांत तिचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, फिट येणे म्हणजे मेंदूकडे लक्ष द्यायची वेळ. पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे म्हणजे आतड्याला अडथळा. कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी घेणाऱ्याला दिवसातून अनेकदा पातळ जुलाब होऊ लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे.

इम्युनोथेरपी घेणाऱ्यांचे प्रकरण आणखी वेगळे आहे. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर, ग्रंथींवर किंवा हृदयावर उलटू शकते आणि तेही शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनी. जुलाब किंवा खोकला संसर्गासारखाच दिसतो, पण उपचार स्टेरॉइडचे असतात. ‘आम्ही इम्युनोथेरपी घेतली आहे’ हे वाक्य नातेवाइकांनी उच्चारले नाही, तर डॉक्टरला ते सुचणे अवघड.

प्रत्येक वेळी आयसीयूच हवा का?

नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे बोलायला हवे. बरा होण्यासारखा रक्ताचा कर्करोग असलेल्या तरुणाचा केमोनंतरचा ताप आणि सर्व उपचार थकलेल्या रुग्णाचा शेवटचा रक्तस्राव या दोन्ही तातडीच्या अवस्थाच आहेत, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. दुसऱ्या प्रसंगी वेदना आणि घुसमट थांबवणे हाच तातडीचा उपचार असतो. त्यासाठी मॉर्फिन लागते. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरी अनेक रुग्णांना त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. व्हेंटिलेटर नको असल्यास तसे आधी लिहून ठेवण्याच्या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. ही चर्चा ओपीडीत, रुग्ण शुद्धीत असताना व्हायला हवी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात ती करायला लावणे क्रूर आहे.

इतरत्र काय व्यवस्था आहे?

ब्रिटनमध्ये २०१२ सालच्या ‘नाइस’ सूचनांनुसार केमो घेणाऱ्या रुग्णाला, संसर्गाची शंका आल्यास २४ तासांत केव्हाही कोणाशी संपर्क साधायचा, हे तोंडी आणि लेखी सांगावे लागते. तेथील रुग्ण खिशात एक इशारा-कार्ड बाळगतात. कार्ड दाखवले की कॅज्युअल्टीतील रांग बदलते. फोन घेणाऱ्या परिचारिकेकडे ठरलेली प्रश्नावली असते. मज्जारज्जूवरील दाबासाठी स्वतंत्र समन्वयकाची व्यवस्था आहे. यात महाग यंत्र एकही नाही.

महाराष्ट्राकडेही सुटे भाग आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तीत डॉक्टर असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून केमोचा खर्च निघतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मुळे लहान-मोठी कर्करोग केंद्रे एकमेकांना जोडली गेली आहेत आणि तिच्या सामायिक उपचारसूचना उपलब्ध आहेत. तरीही हे भाग एकमेकांना जोडलेले नाहीत. योजनांच्या हिशेबात केमोच्या सायकली आणि शस्त्रक्रिया मोजता येतात. वेळेत दिलेल्या पहिल्या डोसाने वाचलेला जीव कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

मग करायचे काय?

जिल्ह्यात केमो सुरू करण्याच्या मंजुरीलाच चार अटी जोडता येतील. एक, प्रत्येक रुग्णाला मराठीतील कार्ड : आजार, औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख, धोक्याचे दिवस, फोन क्रमांक आणि ‘ताप असल्यास तासाभरात शिरेतून प्रतिजैविक द्या’ ही ड्युटी डॉक्टरसाठीची ओळ. दोन, डिजिटल थर्मामीटर. तो केमोच्या किटमध्येच द्यावा. तीन, जिल्ह्यात चोवीस तास उचलला जाणारा एक फोन. चार, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत पहिल्या डोसाची औषधे आणि भिंतीवर एक पानाचा तक्ता. दारातून डोसापर्यंत किती मिनिटे लागली, याची नोंद ठेवली तर सुधारणा मोजताही येईल.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते फेटाळून लावण्यासारखे नाहीत. पहिला, भारतात प्रतिजैविकांचा अतिवापर आधीच मोठी समस्या आहे. प्रत्येक तापाला ताकदवान औषध दिले तर जंतू अधिक निगरगट्ट होतील. पण हा नियम प्रत्येक तापासाठी नाही, केमोच्या रुग्णासाठी आहे. डोस देण्याआधी कल्चर घेणे आणि रिपोर्टनुसार औषध बदलणे किंवा थांबवणे हा त्याचाच भाग आहे. सर्दीला दिले जाणारे प्रतिजैविक थांबवण्यात जास्त बचत आहे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. जिल्हा रुग्णालयांत आहेत त्याच जागा रिकाम्या असताना चोवीस तास फोन कोण उचलणार? हा खरा प्रश्न आहे. परंतु याच कारणाने आपण रुग्णाला केमो द्यायचे थांबवत नाही. केमो देण्याइतके मनुष्यबळ असेल, तर तिच्या ठरलेल्या दुष्परिणामांना उत्तर देण्याइतके असायलाच हवे. अनेक जिल्ह्यांना मिळून एक प्रशिक्षित परिचारिकांचा कक्ष हा त्यातील मधला मार्ग.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

– केमोची तारीख कॅलेंडरवर लिहून सातवा ते चौदावा दिवस अधोरेखित करावा. त्या काळात अंग गरम वाटले की ताप मोजावा.

– १००.४ किंवा अधिक ताप, हुडहुडी, धाप, बडबड यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट पाहू नये. गोळी किंवा सुई घेऊन थांबू नये.

– फाइलचे पहिले पान, शेवटचे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी यांचे फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत.

– कॅज्युअल्टीत पहिले वाक्य ‘ताप आहे’ असे नको. ‘केमो सुरू आहे, अमुक तारखेला झाली, आता ताप आहे’ असे सांगावे.

– नवी पाठदुखी, पायांत अशक्तपणा, लघवी तुंबणे याची त्याच दिवशी माहिती द्यावी. मालिश करू नये.

– दूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघण्याआधी जवळच्या रुग्णालयात पहिला डोस आणि सलाईन घ्यावे. मोठ्या रुग्णालयाशी तेथील डॉक्टरांचे फोनवर बोलणे करून द्यावे.

जिल्ह्यातील नव्या डे-केअर केंद्रांच्या फिती कापल्या जातील, तेव्हा खुर्च्या किती, खाटा किती, हे आकडे सांगितले जातील. रात्री ताप आला तर फोन कोण उचलेल, हा प्रश्न त्या समारंभात कोणी तरी विचारायला हवा. उत्तरादाखल एक क्रमांक मिळाला, तर केंद्र खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.